पेटीबंद 'कायरी ७' घ्यावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे चुकीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला नको. तुम्ही नाशिकला क्लबकडून बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड खेळता. आठवड्याला चार दिवस सराव, त्यातले दोन दिवस सिमेंटच्या कोर्टवर. एका रीसेलरकडे नायकीची 'कायरी ७', म्हणजे एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या कायरी अर्विंगच्या नावाची जोडी, पेटीबंद आहे, साडेसात हजार म्हणतो. 'कायरी ८' पण आहे म्हणतो, तिचे जास्त. क्लबमधला मित्र म्हणतो, हा खेळाडू ज्यूविरोधी आहे, त्याच्या नावाचे बूट घालू नकोस. म्हणून तुम्ही विचारताय की नायकीनं त्याला नेमकं कशासाठी सोडलं, हे बूट घालणं म्हणजे त्याच्या मतांना पाठिंबा ठरतो का, आणि त्यापेक्षा त्याचेच अँटा या चिनी कंपनीचे नवे बूट घ्यावेत का.

यात एक प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. ही जोडी किती जुनी आहे? साडेसात हजारांचं काय होणार ते बरंचसं त्यावर ठरेल. म्हणून उत्तराचे दोन भाग करतो, आधी नावाचा, मग बुटाचा. घाई असेल तर थेट दुसऱ्या भागावर जा, पण मित्राशी वाद घालायचा असेल तर पहिलाही वाचा, कारण तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे.

घडलं ते असं. २७ ऑक्टोबर २०२२ ला कायरी अर्विंगनं ट्विटरवर एका माहितीपटाची अ‍ॅमेझॉनवरची लिंक टाकली. तेव्हा तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन नेट्स संघाकडे होता आणि ट्विटरवर त्याचे पंचेचाळीस लाखांच्या आसपास अनुयायी होते. माहितीपटाचा गाभा असा की आफ्रिकी-अमेरिकी लोक हेच बायबलमधले खरे इस्रायली, आणि आज स्वतःला ज्यू म्हणवणारे तोतये. त्यांनी ही ओळख चोरली, गुलामांच्या व्यापारात त्यांचा हात होता, आणि नाझींनी साठ लाख ज्यू मारले ही गोष्टच खोटी, स्वतःचं खरं रूप झाकायला रचलेली. लिंक टाकल्यावर माहितीपटाची विक्री वर गेली. 'मी काही बोललो नाही, नुसती लिंक दिली' हा बचाव तिथेच पातळ होतो.

आपल्याकडे ज्यू म्हटलं की जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले 'शनिवार तेली' आठवतात. घाणा चालवणारे, शनिवारी तो बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल. त्यांच्याशी इथल्या गावांचं कधी वैर नव्हतं, त्यामुळे 'एका लिंकवर एवढा गहजब कशाला' हे मराठी माणसाच्या तोंडी सहज येतं. पण 'तुम्ही खरे ज्यू नाहीच' हे वाक्य काय असतं ते याच मराठी ज्यूंनी अनुभवलंय, तेही इस्रायलमध्ये गेल्यावर. तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नसंबंधांवर शंका घेतली, जेरुसलेमला आंदोलनं झाली, आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू मानण्यावर सरकारी शिक्कामोर्तब झालं. ती भांडणं घरातली होती, बोलून मिटली. अर्विंगनं पसरवलेला विचार बाहेरून येतो आणि त्याच्या टोकाला बंदुकाही असतात. १० डिसेंबर २०१९ ला न्यूयॉर्कच्या नदीपलीकडे जर्सी सिटीतल्या एका कोशर (ज्यू आहारनियमांप्रमाणे माल विकणाऱ्या) किराणा दुकानात घुसून दोघांनी गोळीबार केला. दुकानात तिघं गेले, त्याआधी एक पोलीस अधिकारी गेला. हल्लेखोरांना ओढ होती ती याच वळणाच्या 'खरे इस्रायली आम्हीच' विचाराची. त्या मताची सगळी माणसं हिंसक नसतात, हेही सांगायला हवं. पण ब्रुकलिनमध्ये ज्यू वस्ती मोठी आहे, आणि तिथल्या संघाच्या खेळाडूनं ही लिंक टाकली होती.

पुढचा आठवडा तारखेवार बघा, कारण कंपनीचा निर्णय त्या क्रमावर ठरला. २८ ला नेट्सचे मालक जो त्साय यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. २९ ला पत्रकारांसमोर अर्विंग वाकला नाही. ३० ला ट्वीट काढलं. ३१ च्या सामन्यात पहिल्या रांगेत काही प्रेक्षक ज्यूद्वेषाविरुद्धचे टी-शर्ट घालून बसले होते. २ नोव्हेंबरला संघ, खेळाडू आणि अँटी-डिफेमेशन लीग (ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणारी अमेरिकी संस्था) यांचं एकत्र निवेदन आलं, संघ आणि खेळाडू दोघांनी पाच-पाच लाख डॉलर देण्याचं कबूल केलं. ३ तारखेला तो पुन्हा पत्रकारांसमोर आला आणि सरळ 'चुकलो' म्हणायचं टाळलं. त्याच दिवशी नेट्सनं किमान पाच सामन्यांसाठी बिनपगारी निलंबित केलं, आणि त्यानंतर, रात्री, इन्स्टाग्रामवर माफी आली. अँटी-डिफेमेशन लीगनं त्याचे पैसे नाकारले. ४ नोव्हेंबरला नायकीनं संबंध स्थगित केले आणि 'कायरी ८' बाजारात आणणार नाही असं जाहीर केलं. ५ डिसेंबरला दोघं अधिकृतपणे वेगळे झाले.

म्हणजे लिंक टाकली म्हणून लगेच काढलं असं झालं नाही. आठवडाभर त्याला बाहेर पडायचा रस्ता मोकळा ठेवला होता, आणि तो त्यानं वेळेत घेतला नाही. असल्या प्रकरणात कंपन्या मूळ चूक बघतात त्यापेक्षा नंतरचे पाच-सात दिवस जास्त बारकाईनं बघतात, कारण पुढची पाच वर्षं हा माणूस कसा वागेल याचा अंदाज त्यातून येतो. उलट बाजूही नोंदवतो: एनबीएचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर, जे स्वतः ज्यू आहेत, आणि जो त्साय या दोघांनीही त्याला भेटल्यावर सांगितलं की याच्या मनात ज्यूंबद्दल द्वेष आहे असं वाटत नाही. आठ सामने बाहेर बसून २० नोव्हेंबरला तो परतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये डॅलसच्या संघाकडे गेला तेव्हा ती माफीची पोस्टही त्याच्या खात्यावरून गेली होती. याचा अर्थ काय लावायचा ते तुमच्यावर सोडतो. मला स्वतःला पोस्ट काढून टाकणं मूळ लिंकपेक्षा जास्त खटकलं.

आता नायकीच्या नैतिकतेबद्दल थोडं. सिग्नेचर बुटाच्या, म्हणजे खेळाडूच्या नावानं निघणाऱ्या बुटाच्या, करारात वर्तनाचं कलम असतं: खेळाडूच्या वागण्यानं कंपनीच्या नावाला धक्का लागला तर करार थांबवता येतो. ते कलम वापरायचं की नाही हे मात्र हिशेबानं ठरतं. अर्विंगचा करार तसाही ऑक्टोबर २०२३ ला संपणार होता, आणि नायकी तो पुढे वाढवण्याच्या विचारात नाही अशा बातम्या मे २०२२ मध्येच आल्या होत्या. त्याआधी जुलै २०२१ मध्ये त्यानं स्वतःच्याच येणाऱ्या बुटाला जाहीरपणे 'कचरा' म्हटलं होतं आणि डिझाइनमध्ये आपला काही हात नाही असं लिहिलं होतं. कोविड लसीच्या नियमामुळे एक अख्खा हंगाम तो ब्रुकलिनच्या घरच्या बहुतेक सामन्यांना बाहेर होता. म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये नायकीला जो बाणेदार निर्णय घ्यावा लागला, तो तिला स्वस्तात पडला. एनबीएतलाच दुसरा गार्ड जा मोरँट बंदूक दाखवताना दोनदा व्हिडिओत दिसला, दुसऱ्या वेळी पंचवीस सामन्यांची बंदी बसली, पण नायकीनं त्याला सोडलं नाही, कारण त्याचा पहिला बूट २०२३ मध्ये नुकता बाजारात आला होता. अर्विंगचं वागणं यानं माफ होत नाही. पण तुमचा मित्र नायकीच्या निर्णयाला न्यायालयाचा निकाल समजत असेल तर तेवढं त्याला सांगा.

'सिग्नेचर' या शब्दानं एक घोटाळा होतो, तो इथे मोडून ठेवतो. लोकांना वाटतं बूट खेळाडूचा. प्रत्यक्षात नाव, चेहरा, सही आणि गोष्टी खेळाडूच्या. साचे, तळव्याची नक्षी, वरच्या कापडाचे कटिंग पॅटर्न, पेटंट हे सगळं कंपनीचं. कल्पनेपासून दुकानापर्यंत दीडेक वर्ष जातं: आधी ब्रीफ, मग स्केच, मग पायाच्या आकाराचा ठोकळा (लास्ट), मग तळव्याचे धातूचे साचे, नमुन्यांच्या तीन-चार फेऱ्या, खेळून घेतलेली चाचणी, मग मोठ्या दुकानदारांच्या ऑर्डरी. साचा एका मापाला एक, त्यामुळे पुरुषांच्या मापांसाठीच दहा-पंधरा साचे. सगळा खर्च तिथे बसलेला असतो. 'कायरी ८' ८ नोव्हेंबरला येणार होती आणि ४ ला थांबवली. चार दिवस आधी माल कारखान्यात नसतो, तो गोदामात आणि वाटेवर असतो. नाव गेलं तरी बूट कुठेतरी असतातच.

त्याच आठवड्यात, २५ ऑक्टोबरला, आदिदासनं रॅपर कान्ये वेस्टच्या ज्यूविरोधी बोलण्यावरून यीझी या त्याच्या बुटांच्या मालिकेचा करार तोडला होता. तिथे गोदामात सुमारे १.२ अब्ज युरोंचा माल अडकला. जाळायचा, वाटायचा की विकायचा यावर महिने गेले. शेवटी मे २०२३ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्यानं विकला, उत्पन्नातला वाटा द्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना दिला, आणि २०२४ संपेपर्यंत माल संपवला. डिझाइन आदिदासच्या मालकीची होती म्हणून हे शक्य झालं.

आता तुमचा मुद्दा: पैसा कुणाला जातो? रॉयल्टी कंपनीनं माल विकला त्या वेळच्या विक्रीवर बसते, एकदाच. तुमच्या रीसेलरच्या जोडीवर जी काही रॉयल्टी द्यायची ती केव्हाच देऊन झाली. तुमचे साडेसात हजार रीसेलरला जातील, अर्विंगला एक पैसाही नाही. अँटाचं तसं नाही. जुलै २०२३ मध्ये त्यानं अँटाशी पाच वर्षांचा करार केला, तिथे तो बास्केटबॉल विभागाचा मुख्य सर्जनशील अधिकारी आहे, आणि मार्च २०२४ मध्ये १२५ डॉलरला 'काय १' आली. (हे नाव मराठीत घेऊन बघा, दुकानात 'काय आहे का?' असं विचारायची वेळ येते.) ती नवी घेतलीत तर पैसे त्या व्यवसायात जातात ज्यात त्याचा हिस्सा चालू आहे. म्हणजे मित्राचा नियम काटेकोर लावला तर जुनी 'कायरी ७' नव्या 'काय' पेक्षा निर्दोष ठरते! आणि एकदा नैतिक हिशेब उघडलाच आहे तर तो अर्विंगपाशी थांबत नाही: अँटानं मार्च २०२१ मध्ये बेटर कॉटन इनिशिएटिव्ह (कापूस जबाबदारीनं पिकवला जावा म्हणून चालणारा उपक्रम) सोडला आणि चीनमधल्या शिनजियांगचा कापूस वापरत राहणार असं जाहीर केलं. तिथल्या उइगुर मुस्लिमांच्या सक्तीच्या मजुरीचा प्रश्न तुम्हाला महत्त्वाचा वाटत असेल तर तोही खात्यात धरा.

पैशापेक्षा बूट काय बोलतो हे जास्त परिस्थितीवर आहे. नाशिकच्या कोर्टवर बुटाच्या जिभेवरचा तो के आणि आय जोडलेला लोगो कुणी वाचणार नाही. एनबीएतले कितीतरी खेळाडू वर्षानुवर्षं हेच बूट घालून खेळले. पण तुम्ही शिकायला किंवा नोकरीला न्यू जर्सी-न्यूयॉर्क भागात जाणार असाल, तिथल्या जिममध्ये ज्यू सहकारी असतील, तर त्या बुटाचा अर्थ तिथे वेगळा होतो. तेव्हा सरळ विचारावं, बहुतेक जण हसून सोडून देतील, एखाद्याला खुपेल. खुपलं तर लोगोवर त्याच रंगाची टेप लावणं हा उपाय आहे. गंमत म्हणजे करार तुटल्यावर अर्विंगनंच नायकीच्या खुणेवर टेप लावून सामने खेळले होते. माझं मत विचाराल तर, तुमच्यापुरता 'घालू नये' असा नियम लागत नाही. लागतो तो एवढाच की कुणी विचारलं तर 'मला माहीत नव्हतं' म्हणू नका, आता माहीत आहे.

नावाचा भाग संपला. आता बूट.

'कायरी ८' ला हात लावू नका. रीसेलर जिला 'कायरी ८' म्हणतो ती बहुधा 'कायरी इन्फिनिटी' असते. अर्विंगनं जिला कचरा म्हटलं होतं तीच ती, नाव बदलून २०२१ मध्ये आलेली, म्हणून आशियात तिला सर्रास आठच म्हणतात. बूट वाईट नाही, पण आठ म्हणून जादा पैसे देण्यात अर्थ नाही. पेटीवर आणि जिभेवर 'इन्फिनिटी' लिहिलंय का बघा. आणि नोव्हेंबर २०२२ ची खरीखुरी आठ असल्याचा दावा असेल तर ती अधिकृतपणे विकलीच गेली नाही. एकतर गोदामातून बाजूला निघालेली जोडी, नाहीतर बनावट. दोन्हीत बिल नाही, बदली नाही, आणि खरी-खोटी ताडून पाहायला दुकानातली अस्सल जोडीही नाही.

'कायरी ७' अस्सल आहे का हे बघायला रीसेलरकडून पाच फोटो मागवा: पेटीवरचं लेबल, जिभेच्या आतलं मापाचं लेबल (दोन्ही पायांचं), पूर्ण तळवा, पुढच्या टोकाची सांध्याची रेघ, आणि आतलं सोल काढून खालची शिवण. लेबलावर सहा आणि तीन अशा नऊ अक्षर-अंकांचा कोड असतो. साध्या कायरी ७ चा सीक्यू९३२६, आशियासाठीच्या ईपी आवृत्तीचा सीक्यू९३२७. पेटी आणि जीभ यांचा कोड एकच हवा. शेवटच्या तीन अंकांतला पहिला अंक मुख्य रंग सांगतो: ० काळा-राखाडी, १ पांढरा, ४ निळा, ६ लाल. लाल बुटावर ४ ने सुरू होणारा कोड दिसला तर पुढे बघायचंच नाही. माप जुळतं का तेही बघा: अमेरिकन ९ म्हणजे यूके ८, युरोपियन ४२.५, २७ सेंमी. बनावट मालात हा मेळ कधी कधी चुकतो. 'अतिनील दिव्याखाली गोंद चमकला म्हणजे नकली' असं सांगतात त्यावर विसंबू नका, अस्सल कारखान्यातही हातानं लावलेला गोंद सांडतो.

त्याच लेबलावर दोन तारखा असतात, महिना-दिवस-वर्ष अशा क्रमानं. तो उत्पादनाचा काळ. कायरी ७ नोव्हेंबर २०२० मध्ये आली, म्हणून तारखा २०२० ते २०२२ मधल्याच असणार. दोषासाठी नायकीची हमी उत्पादनाच्या तारखेपासून दोन वर्षं धरली जाते, म्हणजे ती केव्हाच संपली. 'पेटीबंद' हा शब्द ऐकून लोक खूश होतात, पण बूट पेटीतही म्हातारा होतो, आणि वापरात असलेल्या बुटापेक्षा कधी कधी लवकर.

कशानं, ते भागाभागानं. मधला थर या बुटात फायलॉनचा, म्हणजे दाबून फुगवलेल्या ईव्हीए फोमचा. जुन्या जॉर्डन बुटांमध्ये पॉलियुरेथेन असायचं, ते दमट हवेत भुसभुशीत होऊन हातात भुगा येतो. फायलॉनचं तसं होत नाही, ते फक्त कडक आणि चपटं होतं. पंजाखाली झूम एअरची पिशवी आहे: दाबानं हवा भरलेली, आत उभे धागे ताणलेले. तिला काळाचा तितका त्रास नाही, टोचण्याचा आहे. तळव्याचं रबर हवेनं कडक होतं, आणि कडक रबर लाकडी कोर्टवर घसरतं. सगळ्यात कच्चा दुवा गोंद. तळवा आणि मधला थर, मधला थर आणि वरचं कापड यांतला पॉलियुरेथेन गोंद उष्णता आणि दमटपणानं सुटतो. मुंबई-कोकणातल्या माळ्यावर दोन पावसाळे काढलेली जोडी आणि नाशिकच्या कोरड्या कपाटातली जोडी यांत म्हणूनच फरक पडतो. रीसेलरला पहिला प्रश्न हाच विचारा: माल कुठे ठेवला होता?

हातात घेऊन बघायला मिळाली तर दहा मिनिटं लागतात. बूट टाचेला आणि टोकाला धरून पंजाच्या जागी अर्धा वाकवा, वीस वेळा. मग टोकाशी आणि आतल्या बाजूच्या सांध्यात नख घालून बघा, केसाएवढी फट जरी दिसली तरी ती खेळताना बोटाएवढी होते. रबरावर अंगठ्याचं नख दाबा. खूण उमटून परत भरली तर रबर जिवंत, खूणच उमटली नाही तर कडक. पंजाखाली अंगठ्यानं जोरात दाबा, उसळी दोन्ही पायांत सारखी हवी. एका पायात मऊ, परत न येणारी जागा लागली तर पिशवी गेली. शेवटी नाक लावा, बुरशीचा वास आला म्हणजे दमटपणा आत शिरलेला आहे.

समजा घेतली आणि टोक सुटलंच. फेविक्विक लावू नका. ते काचेसारखं कडक होतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुटतं आणि जागा खराब करून जातं. सुटलेली जागा उघडा, कानकोरणीच्या कापसाला अ‍ॅसिटोन लावून जुना गोंद पुसा, रंगावर जाऊ देऊ नका. १२० ते १८० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, धूळ झटका. बुटांसाठीच्या पॉलियुरेथेन गोंदाचे पातळ दोन थर दोन्ही बाजूंना, प्रत्येक थर पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या. मग केस वाळवायचा ड्रायर वीतभर लांब धरून गोंद चिकट होईपर्यंत गरम करा. जास्त तापवलंत तर फायलॉन आक्रसतं. जोरात दाबा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळा, चोवीस तास तशीच. खेळायला दोन दिवसांनी. मोच्याकडे दिलीत तर एक गोष्ट आधी बजावा: पंजाच्या भागात बाजूनं शिवण घालायची नाही. तो सवयीनं आरी घालतो, आणि आरी झूमच्या पिशवीत गेली की फुस्स. टाचेकडे शिवण चालेल, तिथे पिशवी नाही.

तुमच्या खेळासाठी हा बूट कसा? गार्डला लागणारी गोष्ट यात पूर्ण आहे: नक्षी सगळ्या दिशांनी पकडते, कडा गोलसर असल्यामुळे झुकून वळताना पाय अडकत नाही, कोर्ट पायाला लागतं. टाचेत नुसता फोम आहे, त्यामुळे वजन पंचाऐंशी-नव्वद किलोच्या पुढे असेल किंवा गुडघा दुखत असेल तर नको. पंजा रुंद असेल तर अर्धं माप मोठं घ्या. सिमेंट ही खरी अडचण. साध्या आवृत्तीचं रबर मऊ, बारीक नक्षीचं; आठवड्यातून दोन दिवस सिमेंटवर घासलंत तर चारेक महिन्यांत अंगठ्याखाली सपाट टक्कल पडेल. ईपीचं रबर बाहेरच्या कोर्टसाठी कडक केलेलं असतं, ती आवृत्ती असेल तर जास्त टिकेल. म्हणून कोड बघताना ९३२६ की ९३२७ हे तुमच्यासाठी अस्सल-नकलीइतकंच महत्त्वाचं.

किंमत. नवी असताना हा बूट अमेरिकेत १३० डॉलरचा होता. हमी संपलेल्या, गोंदाचा भरवसा नसलेल्या जोडीला साडेसात हजार मी देणार नाही. ईपी असेल, वाकवून बघितलेली असेल, तारखा २०२२ च्या असतील तर पाचपर्यंत ठीक. साधी आवृत्ती असेल तर चार, तेही फक्त लाकडी कोर्टसाठी. हातात न घेता कुरियरनं मागवायची असेल तर परतीची अट चॅटमध्ये लिहून घ्या: 'पहिल्या सात दिवसांत सांधा सुटला तर परत'. खरा विक्रेता याला हो म्हणतो.

साडेसातच खर्च करायचे असतील तर याच पैशांत सवलतीच्या काळात चालू उत्पादनातला गार्डचा बूट मिळू शकतो: जा मोरँटची मालिका, अमेरिकेच्या महिला लीगमधल्या सब्रीना आयोनेस्क्यूची मालिका. दोन्ही मालिका कायरीची लाइन गेल्यावर २०२३ मध्ये आल्या आणि तिच्यासारखा बूट हवा असलेल्या खेळाडूंनी घेतल्या. गोंद ताजा, हमी चालू. सिमेंटसाठी मात्र यांच्यातही ईपी बघूनच घ्या, किंवा सिमेंटच्या दोन दिवसांसाठी दोन हजारांचे वेगळे जाड तळव्याचे बूट ठेवा आणि चांगली जोडी फक्त लाकडावर काढा.

रीसेलरनं फोटो पाठवले की मापाच्या लेबलाचा फोटो इथेच टाका, जवळून, उजेडात, तारखा वाचता येतील असा.